पहारेकरी जिता असताना

मला त्या पोरांचा राग जिन्यातच आला. औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानावर दुसरा मजला, आणि जिना असा की समोरून माणूस आला तर एकानं मागं फिरावं. समोरून एक दाढीवाला कानाला फोन लावून उतरत होता. फोनवर बोलता बोलता त्यानं मला हातानं मागं व्हायची खूण केली. मी काठी टेकत चौदा पायऱ्या चढलेलो. मी जागचा हललो नाही. तो थोडा वेळ थांबला, मग तोच उलट्या पावली वर गेला.

नात माझ्या मागं होती. ती म्हणाली, "आबा, ते आमचे सर आहेत."

"असतील," मी म्हटलं. "जिना त्यांचा हाय का?"

आमच्या गल्लीत आता त्या दिवसाच्या दोन गोष्टी सांगतात. एक, आबा नातीची नोकरी घालवायला निघाले होते. दुसरी, आबांनी त्या खेळात लई भारी काम केलं. पहिली थोडीफार खरी आहे. दुसरी सांगणाऱ्यांना तिथं काय झालं ते माहीतच नाही. मी चौथी शिकलेला माणूस आहे, पण जे झालं ते मलाच लिहावं लागणार, कारण तिथं जे बाकीचे होते ते ज्याच्या त्याच्या सोयीनं सांगतात.

ती वरच्या मजल्यावरची पोरं मोबाईलवरचे खेळ बनवतात. माझी नात, थोरल्या मुलाची मुलगी, तिथं चित्रं काढते. तेव्हा तिला सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलेलं. काम पसंत पडलं तर कायम, नाही तर घरी. घरी म्हणजे काय ते तिच्या बापानं तिला तोंडावर सांगितलेलं. दोन स्थळं बघून ठेवली होती त्यानं. नोकरी गेली की त्यातलं एक. तिला दोन्ही नको होती.

खेळातल्या एका पहारेकऱ्याला आवाज पाहिजे होता. नाटकातले दोघे आणून बघितले, ते दाढीवाल्याला पटेनात. मी पाण्याच्या टँकरवाल्याला शिव्या देत होतो तेव्हाचा आवाज माझ्या नातीनं फोनमध्ये धरून ठेवलेला, तो तिनं त्याला ऐकवला. मला न विचारता. त्याला तो आवडला, आणि हिनं तिथल्या तिथं शब्द दिला की आबा एका दिवसात करून देतील. रेकॉर्डिंगची खोली एकाच दिवसापुरती मिळालेली, संध्याकाळी सहाला सोडायची. दुसऱ्या दिवशी सगळं पुढं पाठवायचं. सहापर्यंत माझं काम झालं नाही तर पहारेकरी मुका राहणार आणि शब्द देणारी घरी जाणार, इतकं ते सरळ होतं.

आवाजाचं म्हणाल तर तो पाचोडच्या बाजारात तयार झाला. माझा बाप एका टोकाला बैल धरून उभा राहायचा, मी दुसऱ्या टोकावरून त्याला हाक मारायचो. पुढं शहरात आलो आणि गेटवर उभा राहिलो. वॉचमन. शेतकऱ्याच्या घरातला माणूस दुसऱ्याच्या गेटवर उभा राहतो म्हणून भावकीनं नाकं मुरडली. मुरडू दिली.

खोली बारकी होती. भिंतींना गादीसारखं काळं काहीतरी चिकटवलेलं, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज मशीनमध्ये येतो म्हणे. काचेपलीकडं मशीनवर एक जण बसलेला, तो इथलाच, जुन्या शहरातला. मी नुसतं "हां, बोला" म्हटलं तर त्यानं कानावरचं काढून ठेवलं.

"हल्लू, चाचा. मशीन फट जाती."

"तुझं मशीन कच्चं हाय."

"अगली बार पक्का लाता. अब्बी थोडे पिच्छे सरको."

त्या मजल्यावर मला तेवढाच एक माणूस बरा वाटला.

दाढीवाल्यानं खुर्ची ओढून मला गोष्ट सांगितली, लहान लेकराला सांगतात तशी, हात हलवून हलवून. त्यांच्या खेळातलं राज्य या दुनियेतलं नाही. डोंगरांच्या वर धुक्यात असतं ते, तिथं नद्या खालून वर वाहतात. त्या राज्यात एक सरदार होऊन गेला. जादूगार आणि लढवय्या, दोन्ही एकाच अंगात. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात विजेचा आसूड. मंत्र पुटपुटत लढायचा, आणि त्याचा श्वास लागला की समोरच्या फौजेच्या ढालींना गंज चढायचा. नऊ राजे मिळून चालून आले तेव्हा त्यानं अख्खी नदी उभी केली आणि तिची काच करून टाकली. ते नऊ राजे अजून त्या काचेत घोड्यांसकट अडकलेले दिसतात. असा सरदार शेवटी मेला नाही, थकला. त्यानं डोंगरात खोली खोदून घेतली, तलवार छातीवर ठेवून आडवा झाला आणि दाराबाहेर एक पहारेकरी उभा केला. म्हणाला, मी आपणहून उठेपर्यंत कुणाला आत सोडू नको. त्याला आता तीनशे वर्षं झाली.

मग त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली. नातीनं काढलेली. डोंगर, धुकं, काचेची नदी, दगडी दार. दारातला पहारेकरी बघितला तर त्याच्या भुवया माझ्या होत्या. मी तिच्याकडं बघितलं. ती छताकडं बघायला लागली.

"तीनशे वर्षं एकच पाळी?" मी दाढीवाल्याला विचारलं.

"म्हणजे?"

"बदली कोण? ह्याला जेवायला कोण सोडवतं? हा आडोशाला गेला तर दारात कोण उभं राहतं?"

"आजोबा, तो शापित आहे. त्याला भूक लागत नाही."

"मंग तसं आधी सांगायचं. आणि सरदाराला एवढी जादू येत होती तर पहारेकरी कशाला लागतो?"

दाढीवाला वहीची पानं उलटायला लागला. काचेपलीकडचा हसला. नात म्हणाली, "आबा, तुम्ही फक्त वाचा ना, प्लीज."

"झोपलेल्या माणसाची जादू चालत नसती," मीच सांगितलं. "म्हणून ठेवला असंल."

ते त्यानं लगेच वहीत लिहून घेतलं. लिहून घेऊ का म्हणून विचारलं नाही.

कागद हातात आला. पहिलंच वाक्य होतं, 'चिरविश्रामस्थळापासून दूर हो.' मी ते चष्मा लावून दोनदा वाचलं.

"हे काय हाय?"

"सरदार झोपलाय ती जागा."

"मंग थडगं म्हणा की."

"त्याचं असं आहे," तो म्हणाला, "समाधी म्हटलं तर कोणीतरी विचारणार, कुणाची. कबर म्हटलं तर कोणीतरी विचारणार, कुणाची. थडगं म्हटलं तरी तेच. आपल्या शहरात हे शब्द जपून वापरावे लागतात, आजोबा. म्हणून मी नवीन बनवला."

"पहारेकऱ्याचं हे म्हणून होईपर्यंत चोर आत जाऊन, तलवार काखेत मारून डोंगर उतरंल."

"मग तुमच्या मते काय म्हणायचं?"

"नावच घ्यायचं नाय. आत काय हाय ते पहारेकरी कधी सांगत नसतो. 'मागं सर.' संपलं."

यावर त्यानं माझ्याशी अर्धा तास वाद घातला. शब्द त्याचा होता, त्याला सोडवेना. शेवटी मशीनवाला म्हणाला, "चाचा का मस्त लगता," तेव्हा त्यानं कागदावर काट मारली. मी 'मागं सर' म्हटलं आणि मशीनवाला खरंच खुर्चीसकट थोडा मागं सरला.

पुढं होतं, 'हे पांथस्था, तू कोण आहेस?'

"असं कोण विचारतं?" मी म्हटलं. "आमच्याकडं अनोळखी माणूस दिसला की विचारतात, कुणाचे तुम्ही?"

ते मी माईकसमोरच म्हटलं. दाढीवाला उठून उभा राहिला. "हेच. हेच पाहिजे मला." त्यानं सगळे प्रश्न तसे करून घेतले. कुणाचे तुम्ही? गाव कंचं? कुणी धाडलं? खेळणाऱ्यानं ह्या तिन्हींची उत्तरं आधी राज्यभर हिंडून गोळा करायची, मग दारात येऊन द्यायची. दुपारपर्यंत मी तिन्ही प्रश्न, दम देणं, खाकरणं, काठी आपटणं, सगळं करून दिलं. चहा झाला. नातीचा चेहरा जरा सैल झाला. दाढीवाल्यानं तिच्या खांद्यावर थाप मारून म्हटलं, "गुड," आणि मला कुणी विचारलं असतं तर मीही त्या घटकेला म्हटलं असतं की काम सहाच्या आत उरकतंय.

चारच्या सुमाराला शेवटचा कागद आला. त्यावर लिहिलेलं, 'पहारेकरी, बाजूला होत: तुम्ही सरदाराचेच. माफी असावी. जा, आत जा.'

मी तो कागद खाली ठेवला.

"हे मी म्हणणार नाय."

"का? काय चुकलंय?"

"पहारेकरी असं म्हणत नसतो."

"पण त्यानं बरोबर उत्तरं दिली ना."

"उत्तरं चोरालाबी येतात."

"तो चोर नाहीये, आजोबा. तो सरदाराच्या रक्ताचा आहे. वारस आहे."

"असंल. सरदार झोपताना काय म्हणला? कुणाला आत सोडू नको. कुणाला म्हणजे कुणाला. वारस आला तर सोड असं म्हणला का?"

"सरदार मी लिहिलाय," तो म्हणाला.

"पहारेकरी मी हाय."

त्यानं हसून घेतलं, पण ते हसू काय नीट नव्हतं. मग नातीकडं वळला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "तू सांगितलं होतंस एका दिवसात होईल. हे बघ काय चाललंय. सहा वाजता मला खोली सोडायचीय. मी हे कुणाच्या नावावर टाकू?" आणि बाहेर गेला. मशीनवालाही चहाला म्हणून उठला.

नातीनं दार लावून घेतलं. दाराला आतून गादी होती, त्यामुळं ते जोरात लावलं तरी आवाज आला नाही. ते तिला फार लागलं असावं.

"तीनच वाक्यं आहेत, आबा."

"म्हणूनच."

"सहा वाजता काय होणार माहितीये तुम्हाला?"

"म्हाईत हाय."

"मग बाबा कोणाला घरी बोलावणार तेही माहितीये."

"त्याला मी बघतो."

"तुम्ही काय बघणार? तुम्ही सगळीकडं हेच केलंत. मालकाच्या पायाशी काठी फेकून आलात. लई मर्दुमकी. आजीनं सहा महिने लोकांच्या पोळ्या लाटल्या. ताठा तुमचा, आणि भोगायचं दुसऱ्यांनी."

आमच्या घरात ती गोष्ट अशीच सांगतात. मीच तशी सांगून ठेवली आहे. मालक उद्धट बोलला, मी काठी त्याच्या पायाशी फेकली आणि चालता झालो. माझ्या मुलांनी ती आपापल्या पोरांना सांगितली. पाहुण्यांत सांगितली जाते. इतकी वर्षं मी ती ऐकताना मान खाली घालत नव्हतो, उलट मध्येच एखादं वाक्य घालून द्यायचो.

"काठी मी फेकली नव्हती," मी म्हटलं.

"काय?"

मग मी तिला सांगितलं. तसं सांगायचं काही ठरवलेलं नव्हतं.

ते माझं पहिलं गेट. दोन भावांचा कारखाना. थोरला रोज यायचा, धाकटा परगावी असायचा, त्याला मी कधी बघितलेला नव्हता. भर दुपारी एक टेम्पो येऊन उभा राहिला. पुढं बसलेल्या माणसाला मी विचारलं, कुणाचे तुम्ही? तो हसला. बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, थोरल्याला घरात काय म्हणून हाक मारतात ते सांगितलं. सगळं बरोबर. चेहराही थोरल्याचाच. मी त्याला सलाम केला आणि दोन्ही दारं सताड उघडली. तासाभरात तो कारखान्यातले साचे भरून घेऊन गेला, सगळेच्या सगळे. साच्याशिवाय मशीन म्हणजे नुसतं लोखंड. जाताना त्यानं मला नमस्कार केला, मीही केला.

त्या आठवड्यात भावाभावांचं फाटलं होतं. मला कोण सांगणार? संध्याकाळी थोरला रस्त्यापलीकडच्या कचेरीतून गेटवर आला. मी म्हटलं, साहेब, तुमचेच भाऊ होते. तो म्हणाला, तुला मी माझे पाहुणे ओळखायला उभा केला होता का? त्यानं माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि शिपायाच्या हातात दिली. आवाजसुद्धा चढवला नाही. दुसऱ्या दिवसापासून मशीनवरची माणसं घरी बसली. त्यातले दोघे आमच्याच गल्लीत राहायचे. मी बायकोला सांगितलं, मालक वाकडं बोलला, मी काठी फेकली.

ही आमच्याकडची खोड आहे. माणूस कुणाचा हे कळलं की तो कशाला आलाय हे विचारायचं राहून जातं. त्या दिवशी सकाळी मी दाढीवाल्याला मोठ्या तोऱ्यात जो प्रश्न शिकवला तो हाच. तो ऐकून ते सगळे खूश झाले आणि मीही फुगलो. चारला कागद हातात आला तेव्हा मला दिसलं की मी त्या तीनशे वर्षं उभ्या असलेल्या माणसाला माझ्याच चुकीच्या दारात नेऊन उभा केलाय.

 मला वाटलं, आता नात काही बरं बोलेल.

"आजीला माहीत होतं?"

"नाय."

"म्हणजे आजीनं पोळ्या तुमच्या खोट्यासाठी लाटल्या."

  तिची आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली.

तेवढ्यात दार उघडून दाढीवाला आत आला. त्याचा चेहराच बदललेला. "आजोबा," तो म्हणाला, "आत्ता बोललात ना, तोच सूर. तोच आवाज मला पाहिजे. आपण तेच वापरू या का, थोडं कापून?"

माईक चालू राहिला होता. बाहेरच्या खोलीत सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी काठी उचलली. कशासाठी उचलली ते मला सांगता येणार नाही, पण नातीनं माझा हात धरला, आणि तो हात तिनं प्रेमानं धरलेला नव्हता. काचेपलीकडं मशीनवाला येऊन बसला होता. त्यानं कुणाकडं न बघता दोन बटणं दाबली.

"क्या वापरना सर," तो म्हणाला. "वो तो मिट गया. मेरे हात से गलती हो गई."

दाढीवाला त्याच्यावर ओरडला. तो नुसता "सॉरी सर, सॉरी सर" करत राहिला. घड्याळात पाच वाजून गेले होते.

नातीनं डोळे पुसले नव्हते, कारण ती रडली नव्हती. तिनं कागद उचलला आणि मला साहेबासारखं विचारलं, "ठीक आहे. तुम्ही आत जा म्हणणार नाही. पण खेळ तिथं थांबून चालत नाही. दार उघडायलाच पाहिजे. कसं उघडायचं ते सांगा."

"मला मारा."

"म्हणजे?"

"पहारेकरी मेल्यावर उघडू दे. जिता असताना नाय. आणि वारसच असंल तर बघू दे त्याला, आत जायला काय करावं लागलं ते."

दाढीवाला म्हणाला हे शक्य नाही. पडलेल्या पहारेकऱ्याचं चित्रच नाही, ते काढायला दोन दिवस जातील.

"आज काढते," नात म्हणाली.

"आणि झालं नाही तर?"

"तर तुम्ही मला ठेवू नका. तसंही ठेवणार नव्हतातच ना."

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं. "मरताना काय म्हणेल हा? किंकाळी घ्यावी लागेल."

"किंकाळी कशाची?" मी म्हटलं. "पहारेकरी स्वतःसाठी ओरडत नसतो. आतल्याला उठवतो. शेवटी त्याचं तेवढंच काम राहतं. सरदार झोपला म्हणून त्याची जादू झोपली, असं तुम्हीच वहीत लिहून घेतलंय. मंग उठवा त्याला."

 दाढीवाल्याला वही काढायचंही सुचलं नाही, यावरून मी ओळखलं की त्याला पटलं.

मशीनवाल्यानं मला पार मागच्या भिंतीपर्यंत सरकवलं, माईक कोपऱ्यात नेला, कसली कसली बटणं खाली आणली आणि अंगठा दाखवला. मी ओरडलो.

"सरदार, उठा. माणूस आत आला."

असंच ओरडायला पाहिजे होतं मी तेव्हा, टेम्पो फाटकातून आत शिरला तेव्हा. थोरला साहेब पलीकडच्या कचेरीत बसलेला होता, ऐकू गेलं असतं. हे मला ओरडून झाल्यावर सुचलं, आधी नाही.

खालून कापडदुकानातला माणूस धापा टाकत वर आला. "काय झालं? कोण शिरलं आत?" त्याला पाणी देऊन खाली पाठवावं लागलं.

"फार छान," दाढीवाला म्हणाला. "आता एकदा थोडं हळू, आणि जरा दुःखी घेऊ."

"मेलेला माणूस दुसऱ्यांदा मरत नसतो."

"आजोबा, एकदाच."

"सर, एवढंच मिळेल," नात म्हणाली. "वापरायचं असेल तर वापरा."

सहाला पाच कमी होते. जिना उतरताना मी पुढं, ती मागं. खाली आल्यावर तिनं रिक्षा थांबवली, मला आत बसवलं, रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि स्वतः परत वर गेली. पडलेल्या पहारेकऱ्याचं चित्र काढायला. ती घरी आली तेव्हा तिच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या म्हणे. हे मला सुनेनं सांगितलं. नात माझ्याशी बोलत नव्हती.

खेळ निघाला. सरदार उठतो ती जागा लोकांना लई आवडली असं म्हणतात. वारस दार ओलांडून आत जातो आणि बघतो तर सरदार उठून बसलेला, विजेचा आसूड हातात, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, "माझा माणूस कुठाय?" ते वाक्य कुणाचं ते मला माहीत नाही. दाढीवाला सगळीकडं सांगतो की पहारेकऱ्याला मारायची कल्पना त्याची. सांगू दे. आमचा न्हावी परवा दाढी करताना म्हणाला, "आबा, काल तुम्हाला सात खेपा मारलं, तवा कुठं दार उघडलं." मी त्याला म्हटलं, "तू उघडलंस. मी नाय. नीट बोल, आणि वस्तरा नीट धर."

नात कायम झाली. त्याचा कागद मिळाला त्या दिवशी तिनं तो आधी बापाला दाखवला, मग माझ्या खाटेवर आणून टाकला. मी तो पूर्ण वाचला, वेळ लागला तरी.

"आता तुझा बाप ती स्थळं सोडंल," मी म्हटलं.

"सोडली त्यांनी. मी त्यांना काठीचं काही बोललेले नाही, आबा. ते तुम्ही सांगायचं. मी तुमच्या दारात उभी राहणार नाही."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

दोनदा मी मुलाच्या खोलीपर्यंत गेलो. एकदा तो जेवत होता. एकदा पाहुणे बसलेले आणि तो त्यांना तीच गोष्ट सांगत होता, आमच्या आबांनी मालकाच्या पायाशी काठी कशी फेकली ती. मला बघून म्हणाला, "या आबा, तुम्हीच सांगा पुढचं." मी परत फिरलो. तोंडानं सांगायला मला जमत नाही, हे आता माझ्या लक्षात आलं आहे. म्हणून हे लिहिलं. हे छापून आलं की तो वाचेल, त्याला वाचायची सवय आहे. वाचून झाल्यावर त्याला जे म्हणायचं ते म्हणावं. मी घरीच असतो.